शुक्रवारचा हुकूम

उरी शटरखालून वाकून आत आला, तेव्हा मी पांढऱ्या पातळांची शेवटची घडी मांडणीवर ठेवत होते. थंडीचे दिवस होते, शुक्रवारची दुपार कलली होती आणि बीरशेबाहून येणारी शेवटची बस नुकतीच चौकात थांबून पुढे गेली होती. त्याच्या हातात बाबांचा चष्मा होता. चष्मा पाहिला आणि मला कळलं.

"केव्हा?" मी विचारलं.

"दुपारी. त्रास नाही झाला. झोपल्यासारखे गेले."

मी गादीवर टेकले. उरी उभाच राहिला.

"जायच्या आधी बोलले," तो म्हणाला. "अगदी स्पष्ट बोलले. खिडकीकडे बघत होते. माझा हात धरला होता."

झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. मी सकाळ-सकाळ त्यांच्या उशाशी बसून यायचे, त्यांचे ओठ हलतायत का बघायचे. शुक्रवार विक्रीचा दिवस, म्हणून त्या दिवशी माझी पाळी दुकानात आणि उरीची बीरशेबाच्या इस्पितळात. ही वाटणीही मीच केली होती.

"काय बोलले?"

"म्हणाले, दुकान मोठं कर."

"तुला म्हणाले?"

"मीच होतो ना तिथे."

"माझ्याबद्दल काही?"

तो चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिला. "नाही," म्हणाला.

बाबांसाठी रडू यायच्या आधी मला उरीचा हेवा वाटला. रडले ते नंतर, आणि त्यातलं किती बाबांसाठी होतं ते देवच जाणे.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. उरी हिब्रूत बोलायचा आणि मी मराठीत. आम्हा भावाबहिणीचं असंच चालायचं, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आम्ही मराठी ज्यू, रेवदंड्याहून ज्यूंच्या नव्या देशात दिमोनाला आलो तेव्हा तो आईच्या कडेवर होता. पुढे आई गेली, तो हायफाला बोर्डिंगच्या शाळेत गेला, आणि त्याची मराठी स्वयंपाकघरातच राहिली. भात वाढ, आमटी दे, पाणी आण, एवढ्यावर त्याचं भागायचं.

बाबांचं नाव रहमीम झिराडकर. रेवदंड्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. इथे आल्यावर आमच्यातले सगळे पुरुष गिरणीत लागले, पण बाबा म्हणाले, "मी कापड विकायला जन्मलोय, विणायला नाही." वाळवंटातल्या त्या गावात, जिथे वारा सुटला की दातांत वाळू करकरायची, त्यांनी दुकान थाटलं. टॉवेल, चादरी, पडद्याचं कापड, दोरे, बटणं, आणि आमच्या बायकांसाठी साड्या, हिरव्या बांगड्या, नवरीचं पांढरं पातळ. दुकानात टेबल-खुर्ची नव्हती. रेवदंड्यात होती तशी लाकडी बैठक, तिच्यावर गादी, गादीवर पांढरी स्वच्छ चादर. मोरोक्कोच्या आणि रुमानियाच्या बायका पडद्याचं कापड घ्यायला यायच्या, तेव्हा आधी चप्पल कुठे काढायची तेच त्यांना कळायचं नाही. बाबा साडी दाखवताना ती स्वतःच्याच खांद्यावर टाकून पदर काढायचे. काळा कोट, डोक्यावर टोपी आणि खांद्यावरून जांभळी इरकल. पोरं दारात उभी राहून हसायची. बाबांना त्याचं काही नव्हतं. साडी खपायची.

शाळा सोडून मी दुकानात बसले ती बसलेच. स्थळं आली आणि गेली. सारामावशी सगळ्यांना सांगायची, "केतुराचं लगीन दुकानाशी लागलंय." माझ्याशी बाबा फक्त हुकूम बोलायचे. केतू, निळी उतरव. केतू, घडी मोड. केतू, चहा सांग. चांगलं केलंस, असं कधी म्हणाले नाहीत. चुकलं की मात्र नुसते बघायचे.

उरी सुट्टीला आला की हेच बाबा वेगळे व्हायचे. पापलेटाचा मधला तुकडा उरीला. शेजारी बसवून त्याला विचारायचे, काय शिकलास, मित्र कोण, हायफाचा समुद्र रेवदंड्यासारखा आहे का? मी शेपटाचे काटे काढत ऐकत बसायचे. निघताना तो "जातो" म्हणायचा आणि बाबा त्याला दारातून परत बोलवायचे. "जातो म्हणू नये. येतो म्हण." उरी हसायचा. "पण बाबा, मी जातोच आहे ना." बाबा त्याला तीनतीनदा म्हणायला लावायचे, आणि त्याच्या तोंडून "येतो" ऐकलं की त्यांचा चेहरा असा उजळायचा की मला उठून कुठेतरी निघून जावंसं वाटायचं. मी कुठे जात नव्हते, म्हणून मला कुणी "येतो म्हण" म्हणत नव्हतं.

शुक्रवारचा सूर्य मावळला की आमचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, सुरू होतो, त्यामुळे दफन रविवारी झालं. मग सुतकाचे सात दिवस आम्ही दोघं जमिनीवर बसलो. माणसं येत होती, उकडलेली अंडी आणि चहा आणत होती, आणि प्रत्येकाला उरी तेच सांगत होता. बाबा शेवटी बोलले. दुकान मोठं कर म्हणाले. मी मनात मोजत होते, कितव्यांदा.

सारामावशीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "मनाला लावून घेऊ नकोस गो. मुलगा तो मुलगा. कितीही राबलीस तरी गादी त्याचीच."

"गादीवर कोण बसलं इतकी वर्षं?"

"बसलीस ना. कोण नाही म्हणतंय?" तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पण शेवटी हाक कोणाला मारली?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

महिना उलटायच्या आत उरीने हायफाची नोकरी सोडली. शेजारचा रुमानियन घड्याळजी मुलीकडे राहायला चालला होता. उरीने त्याचा गाळा घेऊन टाकला आणि मला जेवताना सांगितलं. मधली भिंत पाडायची. तयार कपडे ठेवायचे, मुलांच्या पँटी, बायकांचे फ्रॉक, सगळं हँगरला टांगायचं. आरसे लावायचे.

"आणि गादी?" मी विचारलं.

"केतुरा, आता कोण मांडी घालून कापड घेतं? गादी काढू. तिथे काउंटर येईल. तू काउंटरवर बस."

"मी गादीवर बसते."

"बाबांची इच्छा होती."

हेच तर दुखणं होतं. दुकान त्याने मागितलं असतं तर मी भांडले असते, चार माणसं बसवली असती, सारामावशीला मध्ये घातलं असतं. पण मेलेल्या बापाशी भांडायचं कसं? रात्रंदिवस एकच विचार डोक्यात फिरायचा. मी ज्यांच्यासाठी कापडाच्या घड्या घालून बोटं झिजवली, त्यांनी जिभेवर आलेला एकच शब्द त्याला देऊन टाकला. त्याला खण आणि मांजरपाट यांतला फरकही कळत नव्हता.

भिंत पाडायला मिमून नावाचा गवंडी आला, मोरोक्कोचा, आडदांड आणि गाणी म्हणणारा. तो आला शुक्रवारी सकाळी. उरीने मांडण्यांवर जुन्या चादरी टाकल्या. मी गादीवर जाऊन बसले.

"उठ," उरी म्हणाला. "धूळ उडेल."

"उडू दे."

"केतुरा, गिऱ्हाईक नाही, काही नाही. कशाला बसलीस?"

"दुकान उघडं आहे. गादी रिकामी ठेवायची नाही."

मिमूनने उरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांदे उडवून हातोडा उचलला. पहिल्या घावाला चुना माझ्या केसांत पडला. दुसऱ्या घावाला मांडणीवरचा बांगड्यांचा खोका खणखणला. मी मांडी मोडली नाही. दुपारपर्यंत माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं आणि त्यातून घड्याळजीच्या रिकाम्या गाळ्यातला कोंदट वास आमच्या कोऱ्या कापडांवर आला. मग मिमूनने हात झटकले. "शब्बाथ शालोम," म्हणाला. "बाकीचं रविवारी. गादीवाल्या बाईंना सांगा, रविवारी डोक्याला फडकं बांधून बसा."

तो गेला आणि आम्ही दोघंच राहिलो. उरीने झाडू घेतला. तो विटांचे तुकडे एका बाजूला लोटत होता आणि हलकेच शीळ घालत होता. ती शीळ मला सहन झाली नाही.

"बाबा असं म्हणालेच नसतील," मी म्हणाले.

शीळ थांबली.

"घड्याळजीने त्यांना हा गाळा आधीच देऊ केला होता. त्यांनी नको म्हटलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणाले. मी इथेच होते, या कानांनी ऐकलंय. आणि मरताना अचानक तुला सांगितलं, मोठं कर?"

"मी खोटं बोलतोय?"

"मला काय माहीत? तुला ऐकायचं ते तू ऐकलंस."

उरी पांढरा पडला. लहानपणीही रागावला की तो लाल व्हायचा नाही, पांढरा पडायचा. "तुला माझा हेवा वाटतो," तो म्हणाला. "मी लहान होतो तेव्हापासून."

"वाटतो," मी म्हणाले. "जळते मी तुझ्यावर. मधला तुकडा तुला, गप्पा तुला, येतो म्हण तुला. आणि आता हेही तुला. सांग ना, काय म्हणाले? तुझ्या भाषेत नको. बाबांना हिब्रू धड आली कधी? त्यांच्या शब्दांत सांग. जसंच्या तसं."

"दुकान वाढव," उरी म्हणाला.

मराठीत म्हणाला. 'ढ' त्याला नीट जमला नाही, पण शब्द तेच होते. मी गादीवरून उठून उभी राहिले.

"परत म्हण."

"दुकान वाढव. हेच. केतू, दुकान वाढ..." आणि तो थांबला.

पाठ केलेली गोष्ट माणूस भराभर म्हणायला गेला की लपवलेलंही त्यात बाहेर येतं. तसंच झालं. त्याच्या हातातला झाडू खाली टेकला.

दर शुक्रवारी दुपार कलली की बाबा गादीवरून मान वळवून दाराबाहेर बघायचे. उतरतं ऊन सरकत समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की म्हणायचे, "केतू, दुकान वाढव." मी घड्या आवरायचे, गल्ल्याला किल्ली लावायचे, शटर ओढायचे. बंद हा शब्द दुकानाच्या बाबतीत त्यांनी जन्मात उच्चारला नाही. बांगडी फुटली म्हणायचं नाही, जातो म्हणायचं नाही, दुकान बंद करा म्हणायचं नाही. शाळा सोडल्यापासून दर शुक्रवारी हाच हुकूम, याच शब्दांत, आणि तो मला; बाकीच्या दिवशी मी आपणहून आवरायचे. उरी शुक्रवारी घरी यायचा तो शेवटच्या बसने, शटर खाली आल्यावर. त्याने तो कधी ऐकलाच नव्हता.

"ते खिडकीकडे बघत होते ना?" मी विचारलं.

"हो."

"ऊन बघत होते. शुक्रवार होता. वेळ झाली होती."

"कसली वेळ?"

"अरे वेड्या, दुकान वाढव म्हणजे दुकान बंद कर."

"वाढव म्हणजे मोठं करणं. मुलं वाढवतात. तूच म्हणतेस, तू मला वाढवलंस."

"मुलं वाढवली की मोठी होतात. दुकान वाढवलं की कुलूप लागतं."

हे म्हणताना मला काय वाटत होतं, खरं सांगू? महिनाभर मी याच घटकेची वाट बघत होते. ही आली की मी त्याच्या तोंडावर काय काय बोलणार आहे, ते सगळं मनात रचून ठेवलेलं होतं. उरीने भिंतीतल्या भगदाडाकडे पाहिलं, मग विटांच्या ढिगाकडे पाहिलं आणि तो चुन्याने भरलेल्या गादीवर बसला. चप्पल न काढता बसला. मी त्याला काही बोलले नाही.

"म्हणजे त्यांनी मला काहीच सांगितलं नाही," तो म्हणाला.

"माझं नाव का चोरलंस?"

त्याने गादीवरच्या चुन्यात बोटाने एक रेघ ओढली. मग म्हणाला, "हात माझा धरला होता त्यांनी. मी इतका वेळ बसलो होतो तिथे. आणि डोळे उघडले तर हाक तुला. मला वाटलं, त्यांना नीट दिसत नाहीये. मग वाटलं, दिसतंय, पण त्यांना तूच हवी आहेस. केतुरा, तुमचं दोघांचं किती असायचं. मी घरी आलो की तुमचं निळी उतरव, घडी मोड. मला त्यातलं काही कळायचं नाही. माझ्याशी ते पाहुण्यासारखं बोलायचे, शाळा कशी आहे, समुद्र कसा आहे. एक तरी काम सांगावं मला, असं फार वाटायचं. म्हणून म्हटलं, नाव तुझं घेतलं तर घेतलं, काम तरी मी करतो."

मी त्याच्या शेजारी बसले. समोरच्या आरशात, जो त्याने कालच आणून टेकवून ठेवला होता, आम्ही दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो.

"हात कसा धरला होता?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"दाखव."

त्याने माझा हात घेतला. मनगट धरलं नाही, तळवा धरला नाही. करंगळीकडची कड त्याने अंगठा आणि दोन बोटांमध्ये घेतली आणि हळूच चोळली. कापडाचा पोत बघतात तशी. बाबांनी माझ्यासमोर हजारो कापडं अशी बघितली होती. माझा हात कधी असा बघितला नव्हता.

मला तेव्हा जे वाटलं ते हेवा सोडून दुसरं काही नव्हतं. शब्द माझे निघाले, पण ते मला ऐकायला मिळाले नाहीत. मी त्या वेळी नवरीच्या पातळाची घडी घालत होते. हात मात्र त्याला मिळाला तो मिळालाच, त्यात काही चूक निघणार नव्हती.

समोरच्या टाकीवर ऊन चढलं होतं.

"आता काय करायचं?" उरीने विचारलं. "भिंत परत बांधू? मिमूनला सांगतो. गाळा परत देता येईल."

"शब्बाथ येतोय," मी म्हणाले. "आज काही बांधायचं नाही, पाडायचं नाही. आधी आवर."

मी घड्या आवरल्या, गल्ल्याला किल्ली लावली. तो शटर ओढायला गेला आणि मध्येच थांबला. भिंतीला भगदाड होतं, आणि पलीकडच्या गाळ्याचं दार तसंच सताड उघडं होतं. आमचं शटर ओढून उपयोग नव्हता. तो वाकून भगदाडातून पलीकडे गेला आणि तिकडचं शटर ओढलं. मग आम्ही दोघांनी मिळून आमचं ओढलं. दुकान त्या दिवशी पहिल्यांदा दोन शटरांनी वाढवलं.

रविवारी मिमून आला तेव्हा उरीने माझ्याकडे पाहिलं. मी डोक्याला फडकं बांधून आले होते. "पाड," मी मिमूनला म्हणाले. "पण गादीला हात लावायचा नाही."

आता त्यालाही खूप वर्षं झाली. पलीकडे उरीचे हँगर आणि आरसे, अलीकडे माझी गादी. पातळं नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, पण लग्नाच्या पांढऱ्या पातळासाठी अजून नातींना घेऊन येतात, आणि चप्पल कुठे काढायची ते आजी नातीला दाखवते. उरीने घरी मुलांना मराठी शिकवायचा प्रयत्न केला. त्यांना फक्त "येतो" म्हणता येतं.

शुक्रवारी टाकीवर ऊन चढलं की तो पलीकडून हाक मारतो, "केतू, दुकान वाढव." 'ढ' आता नीट येतो. उतारवयात त्याचा आवाज थेट बाबांसारखा झाला आहे, तसाच घोगरा, शेवटी थोडा खाली येणारा. बापाचा आवाज फक्त मुलग्यालाच मिळतो. मी शटरला हात घालते आणि मला त्याचाही हेवा वाटतो.